माझा एकुलता एक कोयोटी

"ओढ," ऑपलबाई म्हणाल्या.

मी ओढलं. धनुष्याची दोरी चार बोटं मागे आली आणि तिथेच थांबली. माझे दोन्ही हात थरथरायला लागले, मान आखडली आणि घशातून एक आवाज निघाला, जो मी तोवर फक्त बाळंतपणाच्या वॉर्डात ऐकला होता.

"किती जोर लागतो याला?" मी धापा टाकत विचारलं.

"हे माझ्या नातीचं आहे," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांची आहे ती."

मी धनुष्य खाली ठेवलं. त्याच्या दोन्ही टोकांना छोटी चाकं होती, त्यांवरून तारा फिरवलेल्या होत्या. धनुष्य म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं चित्र होतं. हे सायकल दुरुस्तीच्या दुकानातून उचलून आणल्यासारखं दिसत होतं.

"उद्या ये," ऑपलबाई म्हणाल्या. "आणि परवाही. ओढता येईल तेव्हा बाण देईन."

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतं, असं आपल्याला शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांची ऑपलबाईंशी गाठ पडलेली नव्हती. त्या मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होत्या आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होतो, याबद्दल आम्हा दोघांच्याही मनात शंका नव्हती.

ही १९९५ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. ठिकाण नेब्रास्का राज्यातलं टिलमन, वस्ती आठशे माणसं आणि बहुधा आठ हजार गाई. अमेरिकन सरकारचा तेव्हा एक उदार नियम होता. परदेशी डॉक्टरनं शिक्षण संपवून मायदेशी परत जावं, नाहीतर जिथे एकही अमेरिकन डॉक्टर जायला तयार नाही अशा जागी तीन वर्षं काढावीत. मी मायदेशावर नितांत प्रेम करणारा माणूस असल्यामुळे अर्थातच टिलमनला आलो.

दवाखाना नवाकोरा होता. क्ष-किरण यंत्र होतं, नर्स होती, दारावर माझ्या नावाची पाटी होती. 'निरगुडकर' हे आडनाव कुणाच्याही जिभेवर बसेना, म्हणून पाटीवर 'डॉक्टर एन' एवढंच लिहिलं होतं. पेशंट तेवढे नव्हते. लोक आजारी पडत होते, पण सत्तर मैल गाडी हाकून दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे जात होते. त्याला ऐकू येत नसे. मला ऐकू येत होतं, पण मी डॉक्टर एन होतो.

दवाखान्याचा कारभार गावातल्या पाच जणांच्या बोर्डाकडे होता. वेन क्रूगर हे अध्यक्ष. त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं. त्या उन्हाळ्यात ते माझ्या केबिनमध्ये आले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ क्ष-किरण यंत्राकडे बघत राहिले.

"लोक तुमच्याविरुद्ध नाहीत, डॉक," ते म्हणाले. "त्यांना तुम्ही माहीत नाही, एवढंच."

"मी चौदा महिने इथेच आहे."

"तेच तर. चौदाच महिने." त्यांनी टोपी फिरवली. "मार्चमध्ये बोर्ड बसेल. तोवर पेशंट आले नाहीत तर दवाखाना बंद करावा लागेल. मला वाईट वाटेल."

दवाखाना बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि व्हिसा बंद म्हणजे सांगली. सांगलीत वाईट काही नव्हतं. फक्त 'जावई अमेरिकेत सेटल झाला' हे सासऱ्यांनी अर्ध्या सांगलीला सांगितलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या सांगलीला माझ्या आईनं. खरं सांगायचं तर मला परत जायचं नव्हतं. बाकीची कारणं मी लोकांना सांगण्यासाठी तयार करून ठेवली होती.

"लोकांना मी माहीत व्हावा म्हणून काय करू?" मी विचारलं.

क्रूगरसाहेबांनी बोटं मोजली. "चर्च. हायस्कूलचं फुटबॉल. शिकार."

चर्चमध्ये मी कुठल्या तोंडानं जाणार होतो? फुटबॉलला मुलगा लागतो, आणि आम्हाला अजून मूल नव्हतं. उरली शिकार. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात असताना बेडूक कापायलाही मी मित्राला पुढे करत असे. त्यामुळे निवड सोपी होती.

"ऑपल रिंग्लरकडे जा," क्रूगरसाहेब म्हणाले. "ऑपलनं तुम्हाला बरं म्हटलं की गाव बरं म्हणेल."

ऑपलबाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात, आणि तीन हजार एकरांवर एकटीचा कारभार. कोयोटी हे त्यांचं वैर. कोयोटी म्हणजे आपला कोल्हा जरा जास्त खाऊन लांडग्याच्या वाटेला लागला तर जसा दिसेल, तसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई व्यायला लागल्या की तो गोठ्याभोवती घिरट्या घालतो आणि ओली वासरं उचलतो. गावातले बाकीचे लोक त्याला बंदुकीनं मारत. ऑपलबाई बाणानं.

"बंदुकीवाला तीनशे पावलांवरून मारतो," त्या म्हणाल्या. "त्याला कोयोटी दिसतो. मला कळतो."

मग त्यांनी अट घातली. आम्ही त्यांच्या गोठ्यात गवताच्या गाठींवर बसलो होतो.

"माझ्यावर डॉक्टरकी करायची नाही. माझ्या नवऱ्याला, रॉयला, अकरा आठवडे नळ्या लावून ठेवलं होतं. शेवटी त्याला माझं नावही आठवत नव्हतं. मला कुणी तपासायचं नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही. तू एक शब्द जरी काढलास तरी शिकवणी बंद."

"कबूल," मी म्हणालो. इतक्या पटकन कबूल केलेली गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

नातीचं धनुष्य पूर्ण ओढायला मला एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी बाण मिळाला. तो गवताच्या गाठीला लागायच्या ऐवजी गोठ्याच्या पत्र्याला लागला आणि आतली गाय आठवडाभर माझ्याकडे संशयानं बघत होती. ऑक्टोबर संपेपर्यंत मात्र वीस पावलांवरून सहापैकी चार बाण थाळीएवढ्या वर्तुळात जायला लागले. कुणी बघत नसलं की पाच.

मग वासाचा प्रश्न आला. कोयोटीला अर्ध्या मैलावरून वास येतो, आणि माझ्या कपड्यांना, ऑपलबाईंच्या मते, "त्या पिवळ्या वस्तूचा" वास होता. ती पिवळी वस्तू म्हणजे हिंग. शिकारीचे कपडे वेगळे धुवायचे, घरात आणायचे नाहीत, अंगणातल्या शेडमध्ये रानटी झुडपांच्या फांद्यांत गुंडाळून ठेवायचे, असा हुकूम निघाला.

"म्हणजे आता माझी फोडणी कोल्ह्यांच्या नाकाला विचारून करायची," माझी बायको शुभदा म्हणाली. "बरं. अजून कुणाला विचारायचं राहिलंय?"

"मार्चपर्यंतच," मी म्हणालो.

"तुझं हल्ली सगळं मार्चपर्यंतच असतं."

शुभदाला यातलं काहीच आवडत नव्हतं. बंदूक घरात आणली तर मी सांगलीला जाईन, हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. धनुष्याबद्दल काय बोलावं हे तिला कळत नव्हतं. जनावराला विनाकारण मारायचं आणि तेही दवाखाना चालावा म्हणून, हे ती तिच्या आईला पत्रात लिहू शकत नव्हती. तिनं लिहिलं, 'मुकुंदनं व्यायाम सुरू केलाय.'

नोव्हेंबरात आम्ही रानात बसायला लागलो. बाणानं शिकार करायची म्हणजे जनावर वीस पावलांच्या आत यावं लागतं. ते आपण होऊन येत नाही. त्याला बोलवावं लागतं. ऑपलबाईंकडे लाकडाची एक बोटभर पिपाणी होती. ती फुंकली की मरणाऱ्या सशाचा टाहो निघायचा. कोयोटीला तो जेवायला वाढल्याची हाक वाटतो.

बसायची एक ठरलेली पद्धत होती आणि तिच्यात इकडचं तिकडे चालायचं नाही. मी पुढे, झुडपाच्या आडोशाला, गुडघ्यांवर धनुष्य. ऑपलबाई माझ्या मागे तीन हातांवर, देवदाराच्या झाडाला टेकून. त्या पिपाणी वाजवणार, मी समोर बघणार.

"पिपाणी वाजते तोवर श्वास घे, डोळे फिरव, काय हवं ते कर," त्यांनी सांगितलं. "पिपाणी थांबली म्हणजे मला तो दिसला. मग तू दगड. वळायचं नाही. बोलायचं नाही. नाक गळलं तर गळू दे. त्याचं डोकं झुडपाआड गेलं की ओढायचं, बाहेर आलं की सोडायचं. नंतरचं बोलणं नंतर."

पहिल्या खेपेला पिपाणी थांबली तेव्हा मी वळून विचारलं, "कुठे?" समोरून एक तांबडा खोकड गेला तो थेट दुसऱ्या जिल्ह्यात. ऑपलबाईंनी माझ्याशी तीन दिवस बोलणं टाकलं. दुसऱ्या खेपेला एक रानमांजर आलं, दहा पावलांवर बसलं आणि पंजा चाटत माझ्याकडे बघत राहिलं. मी पूर्ण ओढलं, नेम धरला आणि बाण त्याच्या डोक्यावरून चांगला चार फूट उंच गेला. मांजर उठलं, आळस दिला आणि चालत गेलं. ते पळालं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी गावात पोहोचायच्या आत ही बातमी गावातल्या कॅफेत पोहोचली होती. तिथे शिकारीच्या हिशेबाचा एक पुठ्ठा लावला गेला, त्यावर माझ्या नावापुढे मांजराचं चित्र. पण एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी अंगठा सुजला म्हणून दवाखान्यात आला. अंगठ्याला फारसं काही झालेलं नव्हतं. "मांजर किती जवळ होतं हो?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि जाताना म्हणाला, "बायकोला पाठवतो. तिचं ब्लडप्रेशर वाढलंय."

हसायला का होईना, माणसं आली. डिसेंबरात रोज पाच-सहा येत. क्रूगरसाहेब रस्त्यात भेटले तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एक मार, डॉक. फक्त एक. मग बोर्डाचं मी बघतो."

आता मला कोयोटी हवाच होता. दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि याच दिवसांत ते मला ऐकू यायला लागलं.

अर्धा-अर्धा तास एखाद्या माणसाकडे पाठ करून, न बोलता, न हलता बसायची वेळ डॉक्टरवर कधी येत नाही. आम्ही विचारतो, ठोकतो, लिहितो आणि पुढच्याला बोलावतो. रानात मात्र वारा पडला की दुसरा आवाजच नसायचा. फक्त पिपाणी आणि ती वाजवणाऱ्या बाईचा श्वास. नोव्हेंबरात एका दमात त्यांची पिपाणी दहा अंक मोजेपर्यंत वाजत असे. मी मुद्दाम मोजत नव्हतो, सवयीनं मोजलं जात होतं. डिसेंबरच्या मध्यावर ती सातावर आली. नाताळानंतर पाचावर. दोन फुंकींच्या मधला श्वास आखूड झाला होता आणि त्याच्या शेवटी बारीक घरघर होती.

बाकीचंही होतंच. बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या. झाडापर्यंतच्या चढावर दोनदा थांबणं, आणि थांबल्यावर "माग बघतेय" असं सांगणं, जिथे कुठलाही माग नसे. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की हल्ली त्या पलंगावर झोपत नाहीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसूनच झोपतात. का, तर कोयोटी आले तर दिसावेत म्हणून.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. हृदय थकलं होतं, फुफ्फुसांत पाणी साठत होतं. यावर तेव्हाही गोळ्या होत्या. माझ्या कपाटात होत्या. त्या घेऊन माणूस कायमचा बरा होत नाही, पण रात्री आडवा झोपू शकतो, चढ चढू शकतो, आणि पुष्कळदा पुष्कळ वर्षं काढतो.

जानेवारीत एका रविवारी शुभदानं त्यांना जेवायला बोलावलं. ऑपलबाईंनी दाराशी बूट काढले, साबुदाण्याची खिचडी शांतपणे संपवली आणि विचारलं, "हे शिजलंय का?" जाताना बूट पायांत चढेनात. शुभदा खाली बसली आणि तिनं ते चढवून दिले. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"त्यांचे पाय बघितलेस?"

"हो."

"बोटानं दाबलं तर खळगा पडेल एवढी सूज आहे. मोज्याचा वळ केवढा उमटलाय. दारापासून टेबलापर्यंत येऊन धाप लागली त्यांना."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मग सांगितलंस का त्यांना?"

"त्यांनी अट घातली आहे, शुभा. एक शब्द काढला की संपलं. त्यांनी मला दारातून हाकललं की गावही हाकलणार. बोर्ड सहा आठवड्यांवर आलंय."

"तू डॉक्टर आहेस ना?"

"म्हणूनच सांगतोय, हे काही आज-उद्याचं दुखणं नाही. मार्च होऊ दे. मार्चमध्ये स्वतः हाताला धरून दवाखान्यात नेतो."

शुभदानं टेबल पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं. "मी सांगू का?" ती म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "प्लीज."

मला तेव्हा लाज वाटली होती, हे मी नमूद करतो. पण लाजेची अडचण अशी की ती वाटत असतानाही माणसाला उद्याचा बेत आखता येतो.

अकरा फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता आम्ही निघालो. थंडी इतकी की नाकातले केस ताठ झाले होते. आदल्याच दिवशी एक वासरू गेलं होतं आणि ऑपलबाई इरेला पेटल्या होत्या. त्यांनी छोट्या बाटलीतून पावडर उडवून वारा बघितला. वारा आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे उत्तम. गाडी अर्ध्या मैलावर ठेवून आम्ही चालत निघालो. त्या चढावर चार वेळा थांबल्या. मी चारही वेळा आकाशाकडे बघितलं.

"आज येणार," त्या झाडाला टेकून बसताना म्हणाल्या. "तुझा आजचा दिवस आहे, डॉक."

त्या मला पहिल्यांदाच 'डॉक' म्हणाल्या. मला आनंद झाला.

पिपाणी सुरू झाली. चार अंक, मग श्वास. चार, मग श्वास. मग तीन. उन्हाची पहिली तिरीप समोरच्या घळीवर पडली. पिपाणी पुन्हा वाजली, तिनावर तुटली आणि थांबली.

मी दगड झालो. पाच महिन्यांत शिकलेलं सगळं त्या क्षणी माझ्या अंगात होतं. डोळे घळीवर, बोटं दोरीवर. मागून एक श्वास ऐकू आला. लांब, ओढून घेतलेला, मधे अडकलेला. मग काहीतरी बर्फावर पडल्याचा अगदी हलका आवाज. मग आणखी एक श्वास, पहिल्यापेक्षा खोल. तो बाहेर पडल्याचं मला ऐकू आलं नाही.

मी तो श्वास ओळखला. ओळखला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून बघितलं, पण मी बारा वर्षं वॉर्डांत काढली होती. माझ्या मानेला वळायचं होतं. आणि डोक्यात ऑपलबाईंचाच आवाज होता, पिपाणी थांबली म्हणजे मला तो दिसला. नियम तर त्यांचाच होता. किती सोयीचा नियम!

घळीच्या कडेवर दोन कान दिसले.

तो सावकाश आला. साठ पावलं, चाळीस. थांबला, नाक वर केलं, पुन्हा निघाला. किती मिनिटं गेली ते मी नेमकं सांगू शकतो, कारण मी मोजत होतो. साडेसहा. वीस पावलांवर त्याचं डोकं झुडपाआड गेलं. मी ओढलं. एका दमात, पूर्ण, आवाज न करता. डोकं बाहेर आलं. मी सोडलं.

बाण बरगडीमागे लागला. कोयोटी उडाला, तीस पावलं पळाला आणि कोलमडला. मी दोन्ही हात वर केले. मला खरा, निखळ आनंद झाला. तो आनंद किती वेळ टिकला तेही सांगतो. मी वळेपर्यंत.

ऑपलबाई झाडाला टेकूनच बसल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, हातमोजा मांडीवर, पिपाणी बर्फात. मी त्यांना आडवं केलं, कोट फाडला आणि छाती दाबायला लागलो. पंधरा वेळा दाबायचं, दोनदा तोंडानं श्वास द्यायचा, पुन्हा पंधरा. एक बरगडी मोडल्याचं हाताला जाणवलं. मी पाऊण तास दाबत होतो. साडेसहा मिनिटं आधी सुरुवात केली असती तर त्या वाचल्या असत्या का? रानात, यंत्राशिवाय, बहुधा नसत्या. साडेसहा आठवडे आधी गोळी दिली असती तर? त्याचं उत्तर मला माहीत आहे.

शेवटी मी गाडीपर्यंत पळत जाऊन तिच्यातल्या वायरलेसवरून हाक दिली. क्रूगरसाहेब आणि अग्निशामक दलाची चार माणसं आली. त्यांनी ऑपलबाईंना घोंगडीत गुंडाळलं. मग क्रूगरसाहेबांना घळीकडे पडलेलं जनावर दिसलं.

"तो तुझा?" ते म्हणाले.

"हो."

"ती असतानाच?"

काय सांगायचं हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. "त्यांनीच बोलावला," मी म्हणालो. "तो आला तशी त्यांनी पिपाणी थांबवली. अगदी वेळेवर."

क्रूगरसाहेबांनी टोपी काढली. साठीतला तो आडदांड माणूस तिथे बर्फात उभा राहून लहान मुलासारखा रडला. "शेवटचाही तिनंच आणला," ते म्हणाले. "आणि तुला दिला."

गावात दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे मृत्यूचा दाखला मीच लिहिला. त्या छापील कागदावर कारणाच्या समोर एक रकाना असतो. आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेला काळ. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, 'काही मिनिटं'. सही केली. माझं अक्षर डॉक्टरांच्या मानानं चांगलं आहे.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. शुभदानंही काहीतरी करून नेलं होतं. लोकांनी मला मधे बसवलं आणि ती सकाळ सांगायला लावली. मी सांगितली. थंडी सांगितली, पावडर सांगितली, "तुझा आजचा दिवस आहे, डॉक" हे सांगितलं. पिपाणी वेळेवर थांबली तिथे बायका रडल्या. कोयोटी कोलमडला तिथे पुरुषांनी टेबलावर मुठी आपटल्या. ऑपलबाईंच्या मुलीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ती एकटी नव्हती. तिच्याजवळ डॉक्टर होता. याचं मला किती बरं वाटतंय, तुम्हाला सांगता येणार नाही."

शुभदा टेबलाच्या टोकाला उभी होती. तिच्या हातात रिकामा डबा होता. ती सगळं ऐकत होती.

घरी जाताना गाडीत तिनं एकच प्रश्न विचारला. "पिपाणी थांबली, आणि तुला काहीच ऐकू आलं नाही?"

मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "नाही."

मार्चमध्ये बोर्ड बसलं. पाच जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात दवाखान्यात बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. सत्तर मैलांवरचा तो म्हातारा डॉक्टर पुढच्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याचेही पेशंट माझ्याकडे आले. मला तीन वर्षं काढायची होती, एकोणतीस काढली. आमची दोन्ही मुलं इथेच वाढली. थोरला हायस्कूलसाठी फुटबॉल खेळला. पाटीवर आता पूर्ण नाव आहे आणि लोक ते जवळजवळ बरोबर उच्चारतात. मी पुन्हा धनुष्य उचललं नाही. गावाच्या मते ही ऑपलबाईंबद्दलची माझी श्रद्धा आहे.

दरवर्षी फेब्रुवारीत कॅफेमध्ये कुणीतरी नवा माणूस आणून माझ्यासमोर बसवतात. "डॉक, सांगा ना," म्हणतात. मी सांगतो. आता ती गोष्ट चांगली घोटून झाली आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं मला माहीत आहे. तो श्वास मी कधी सांगत नाही.

तो पहिल्यांदाच इथे लिहिला. मराठीत लिहिला, म्हणून लिहिता आला. टिलमनमध्ये मराठी वाचता येणारी माणसं दोनच. एक मी. दुसरीनं गाडीतला तो प्रश्न सत्तावीस वर्षांत पुन्हा कधी विचारलेला नाही. हे कागद मात्र गेले आठ दिवस मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतोय. ती रोज ते उचलून बाजूला ठेवते आणि टेबल पुसते.